मॅनेजरच्या जागेवरची सही

सकाळी साडेनऊच्या सुमाराला पुलास्की स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, एका हातात राय ब्रेडची पिशवी आणि दुसऱ्यात हॅमची पुडी घेऊन उभ्या असलेल्या बर्नाडीन वोइतालाला आपल्या मेलेल्या बापाचं अक्षर बसच्या अंगावर दिसलं. बस सिग्नलला थांबली होती. तिच्या अख्ख्या कुशीवर निळ्या रंगात '१९६१, विजेतेपदाची पन्नास वर्षं' असं छापलेलं होतं आणि त्याखाली पुरुषभर उंचीची हार्लन टॅकेटची सही. ती सही या गावात शेंबडं पोरही ओळखतं. फेरीमेन या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, ज्याने शेवटच्या सामन्यात तोंडावर पडत तो चेंडू अडवला आणि गावाला त्याचं एकुलतं एक विजेतेपद मिळवून दिलं. बर्नाडीनने ही सही हजार वेळा पाहिली होती. पण नेहमी चेंडूवर, बोटाच्या पेराएवढी, भिंगाखाली. भिंगातून बघणारा माणूस शाई बघतो, दाब बघतो, रेघ कुठे थरथरली ते बघतो. अक्षर बघायचं राहून जातं. आता ते सहा खिडक्यांवर पसरलं होतं. आडनावाच्या शेवटच्या दोन टी एकाच आडव्या रेघेने कापलेल्या होत्या आणि रेघेचं शेपूट चिडलेल्या मांजरासारखं वर गेलं होतं. वाण्याच्या यादीत लोणी लिहिताना 'बटर'मधल्या दोन टी तिचा बाप असाच कापायचा. सिग्नल सुटला. ती रस्त्यात उतरून उभी आहे हे तिला हॉर्न वाजल्यावर कळलं.

"काय बाई, बसबरोबर लग्न लावायचंय का?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. "व्हा की बाजूला!"

ती बाजूला झाली. घरी येऊन तिने हॅम फ्रिजमध्ये ठेवायच्या आधी पाककृतींचा पत्र्याचा डबा काढला. आईने त्यात वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या साठवल्या होत्या: कोबीच्या सुपाची कृती, फादरने सांगितलेली नोव्हेनाची, नऊ दिवसांची प्रार्थना आणि त्यातच बापाच्या हातच्या यादीचे तीन-चार कपटे. अंडी, लोणी, दाढीचं ब्लेड. लोण्यावरून तिने बोट फिरवलं. मग तळघरात जाऊन आपल्या संग्रहातला एक चेंडू आणला आणि यादीशेजारी ठेवला. खात्री करून घ्यायची गरज नव्हती. बेकरीत चाळीस वर्षं केकवर क्रीमने लोकांची नावं लिहिताना तिनेही मॅटीच्या आणि स्कॉटीच्या दोन टी अशाच कापल्या होत्या, आणि हे आपल्याला कुणी शिकवलं असं तिला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने यादी ओठांना लावली. त्याच्याच मागोमाग, इतकं मागोमाग की तिची तिलाच जरा शरम वाटली, तिच्या मनात आलं: गॉर्डन हाउप्ट, आता सापडलास.

हाउप्टवर ती बावीस वर्षं डूख धरून होती. एवढा काळ कुणी नवऱ्याबरोबरही टिकत नाही. तिचा तर अकरा वर्षांतच सुटला होता. हाउप्ट हा सह्यांचा पारखी. या गावात, आणि गावाबाहेरही, त्याने अस्सल म्हटलं तर अस्सल आणि नकली म्हटलं तर तो चेंडू कुत्र्याला खेळायला द्यायचा. एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये आर्मरीच्या, म्हणजे जुन्या शस्त्रागाराच्या, सभागृहात संग्राहकांचा मेळावा भरला होता आणि बर्नाडीनच तिथे बापाला घेऊन गेली होती. हे ती विसरू शकत नव्हती. म्हातारा तयार नव्हता. "आपला चेंडू आपल्याला ठाऊक आहे, लोकांना कशाला दाखवायचा," म्हणत होता. स्टॅश वोइताला एकतीस वर्षं फेरीमेनच्या क्लबहाउसात होता: खेळाडूंचे कपडे धुणं, बूट पुसणं, सामानाच्या ट्रंका बांधणं. एकसष्टच्या विजयानंतर अख्ख्या संघाने त्याला सह्या करून एक चेंडू दिला होता आणि तो घरात सेंट अँथनीच्या तसबिरीखाली अंड्याच्या कपात बसलेला असायचा. बर्नाडीनला वाटलं, जगाने पाहावा. हाउप्टने चेंडू हातात घेतला, फिरवला आणि हसला. चेंडूच्या दोन शिवणी जिथे जवळ येतात तिथली ती अरुंद जागा मॅनेजरची, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाची, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. खेळाडू भोवतीने सह्या करतात, ती जागा कोरी सोडतात. या चेंडूवर नेमकं तिथेच हार्लन टॅकेटचं नाव होतं. मोठाल्या, वाकड्या, कातड्यात रुतवलेल्या अक्षरांत. "मॅनेजरच्या गादीवर शॉर्टस्टॉप!" हाउप्ट मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ज्याने हे केलं त्याला निदान घरात शिरताना टोपी काढायची अक्कल तरी हवी होती. आणि हे अक्षर! आजोबा, क्लबहाउसातल्या साबणाच्या हातांनी स्वतःच केलीत ना ही?" माणसं हसली. जवळजवळ सगळीच हसली. बापाने चेंडू परत घेतला, टोपीत ठेवला आणि म्हणाला, "थँक यू." परतताना गाडीत बर्नाडीन रडत ओरडली, "पा, तुम्ही बोललात का नाही?" त्यावर तो म्हणाला, "बोलण्यासारखं काही नव्हतं. कोपऱ्यावर थांबव, ब्रेड घ्यायचाय." पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. डॉक्टरने कागदावर हृदय लिहिलं. बर्नाडीनने मनात हाउप्ट लिहिलं.

त्यानंतर तिने गोळा करायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, पोरीला बापाचा नाद लागला. चर्चमधल्या बायका कौतुकाने एकसष्टच्या जुन्या वस्तू आणून द्यायच्या: तिकिटांचे तुकडे, त्रिकोणी पताका, डाग पडलेला कार्यक्रमाचा कागद, कुणीतरी टिकावी म्हणून व्हार्निश लावलेला आणि त्यामुळेच गुळासारखा पिवळा पडलेला चेंडू. तिला त्या विजयाशी काही घेणंदेणं नव्हतं. तिला हाउप्टची चूक हवी होती. त्याने अस्सल म्हटलेली एक तरी नकली सही, एकच, जी चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकता येईल. म्हणून ती त्याची प्रमाणपत्रं असलेल्याच वस्तू शोधायची आणि रविवारी चर्चमधल्या मासनंतर घराच्या तळघरात भिंग घेऊन बसायची. अकरा चेंडू झाले. अकराही चेंडूंवरच्या टॅकेटच्या सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळायच्या आणि बापाच्या चेंडूवरच्या सहीशी एकही जुळायची नाही. कधी कधी, थकल्यावर, तिला वाटायचं की हाउप्ट खरं बोलला असेल. बापानेच ती वेडीवाकडी सही केली असेल. असं वाटलं की तिचा राग दुप्पट व्हायचा. खरं बोलला म्हणून काय झालं? खरं बोलायला म्हाताऱ्याला अख्ख्या सभागृहापुढे नागवं करायची गरज होती का?

आणि आता हे. अकरा चेंडूंवरचं अक्षर बापाचं. मग बापाच्या चेंडूवरचं कुणाचं? ती खुर्चीत बसली आणि पन्नास वर्षांपूर्वीचं तेच स्वयंपाकघर तिच्याभोवती उभं राहिलं. ओल्या लोकरीचा वास, चुलीवर परतला जाणारा कांदा, टेबलाशी बाप आणि त्याच्यासमोर लांब पाय दुमडून बसलेला हार्लन. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीतून आलेला, तेवीस वर्षांचा, कानापर्यंत लाजणारा. बर्नाडीन सोळाची होती आणि त्याच्या मनगटांकडे बघायची. "बर्नी, याला याच्या आईचं पत्र वाचून दाखव," बाप म्हणायचा, "बिचाऱ्याचे डोळे कमजोर आहेत." ती वाचायची. गाय व्याली, तुझ्या भावाला खाणीत घेतलं, थंडीत बनियन घाल. मग बाप तिला वर पाठवायचा आणि खाली दोघं उशिरापर्यंत एका रेघांच्या वहीवर वाकलेले असायचे. ते पत्त्यांच्या डावाचे गुण लिहितात असं ती धरून चालली होती. ताशी नव्वद मैलांनी अंगावर येणारा चेंडू ज्याला शिवणींसकट दिसायचा, त्याला आईचं पत्र दिसत नव्हतं, आणि यात काही चुकतंय हे कळायला बर्नाडीनला सहासष्टावं वर्ष उजाडावं लागलं. ती हसली. मग तोंडावर हात दाबून रडली. पोरं सही मागायला आली की हार्लन म्हणायचा, चेंडू ठेवून जा, आतून करून पाठवतो. आत बाप होता. त्रेसष्टमध्ये हार्लनचं मनगट मोडलं आणि तेव्हापासून त्याने हातात पेन म्हणून धरलं नाही. गाव त्याला मानी म्हणायचं. विजयानंतरच्या नोव्हेंबरात एकदा तो कोटाच्या खिशातून काहीतरी घेऊन आला होता आणि ते बघून बापाने चष्मा काढून पुसला होता. एवढंच तिला दिसलं होतं. तो हा चेंडूच असणार. जन्मात एकदाच त्याने स्वतःचं नाव लिहिलं असणार, शिकवणाऱ्यासाठी, चेंडूवर जी मोकळी जागा दिसली तिथे. कोणाच्या जागेवर लिहायचं नसतं हे त्याला कोण सांगणार? त्याने आयुष्यात कुठे सही केली होती? आणि हाउप्टने जगातली एकमेव अस्सल सही हातात धरून नकली ठरवली, कारण त्याची नजर बापाच्या अक्षरावर तयार झालेली. बाप हे सगळं जाणून टोपीत चेंडू ठेवून थँक यू म्हणाला. तोंड उघडलं असतं तर हार्लन उघडा पडला असता.

तिने बहिणीला फोन केला. टेरेसा तिच्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी आणि जन्मापासून शहाणी.

"म्हणजे आपल्या पाने हजारो लोकांना फसवलं, असं तू मला आनंदाने सांगतेयस?" टेरेसा म्हणाली.

"हाउप्ट फसला. रविवारी सेंट हेडविग चर्चच्या तळघरात विजयाच्या पन्नाशीचं जेवण आहे. तो टेबल मांडून बसणारेय. मी चेंडू घेऊन जाणार."

"आणि हार्लन?"

"त्याचं काय?"

"अगं, तोही येणारेय ना? त्याच्या देखत सांगणार की याला लिहितावाचता येत नाही? पाने मरेपर्यंत तोंडाला कुलूप लावलं, ते काय उगाच?"

"पा देवमाणूस होता. मी नाहीये."

"ते सगळ्या गावाला ठाऊक आहे," टेरेसा म्हणाली. "बर्नी, ऐक. मेलेल्या माणसाला आता कसलं प्रमाणपत्र हवंय? हाउप्ट ऐंशीचा झाला. घरी बस, सूप कर. देव बघून घेईल त्याला."

"देवाला बावीस वर्षं दिली होती मी," बर्नाडीन म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे चार दिवस तिने भांडी घासताना, पायऱ्या झाडताना, अंथरुणात कूस बदलताना मनातल्या मनात हाउप्टला रोज नव्याने खाली पाडलं. कधी तो रडायचा, कधी माफी मागायचा. माफी मागितली की तिला मजा यायची नाही आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

रविवारी दुपारी तळघरातलं सभागृह माणसांनी फुललं होतं. सॉसेज आणि आंबवलेल्या कोबीचा वास छताला चिकटला होता. विजेत्या संघातले पाचजण हयात होते, त्यांना पुढच्या टेबलाशी बसवलं होतं. हार्लन मधोमध होता, वाळलेला, लांब, मनगटाला पट्टा. शेजारी त्याची बायको लोरेन त्याच्या ताटातलं सॉसेज कापून देत होती. बर्नाडीनने तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. कोपऱ्यात हिरवं कापड अंथरलेल्या टेबलामागे हाउप्ट दिवा आणि भिंग घेऊन बसला होता. चेंडू स्वच्छ मोज्यांत गुंडाळून आणलेली माणसं रांगेत उभी होती. तिचा नंबर आला तेव्हा मागे वीसेक जण तरी होते. तिला तेवढे हवेच होते.

"बसा बाई. काय आणलंय?"

"दोन आहेत, मिस्टर हाउप्ट. आधी हा बघा."

तिने संग्रहातला चेंडू ठेवला. हाउप्ट भिंग लावून वाकला आणि त्याचा चेहरा नातवाला बघितल्यासारखा उजळला. "अहाहा, हार्लन! ही शेवटची रेघ बघा. ही रेघ दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायची नाही."

"जरा मोठ्याने सांगता? मागे ऐकू गेलं नाही."

त्याने खूश होऊन मोठ्याने सांगितलं. "शंभर टक्के अस्सल! चाळीस वर्षं मी हे अक्षर बघतोय." मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग तिने दुसरा चेंडू मोज्यातून काढला. हाउप्टने तो उचलला, फिरवला, आणि त्याचा हात मंदावला.

"हा मी पाहिलाय पूर्वी."

"एकोणनव्वद साली. माझ्या वडिलांच्या हातात."

"वोइताला." त्याने भिंग खाली ठेवलं. "स्टॅश वोइताला. भला माणूस होता. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो असेन, तेव्हा तरुण होतो."

"अठ्ठावन्न वर्षांचे होतात."

"पण बाई, मत बदलण्यासारखं यात काही नाही. मॅनेजरच्या जागेवर..."

"माझे वडील एकतीस वर्षं क्लबहाउसात होते," बर्नाडीन म्हणाली. हे तिने इतक्यांदा घोकलं होतं की आवाज आपोआप येत होता. "वर्षाला हजारभर चेंडू त्यांच्या हातून जायचे. ती जागा कुणाची हे त्यांना ठाऊक नव्हतं? त्यांनी खोटी सही केली असती तर ती तिथे केली असती? ही चूक कोण करेल, मिस्टर हाउप्ट? ज्याने जन्मात एकदाच चेंडूवर नाव लिहिलं, तो." आणि तिने पर्समधून बापाच्या याद्या काढून पहिल्या चेंडूशेजारी हिरव्या कापडावर ओळीने मांडल्या. माणूस कसाही असो, हाउप्टचे डोळे इमानदार होते. ते लोण्यावरून सहीवर गेले, सहीवरून लोण्यावर आले, आणि पुन्हा गेले. त्याने भिंग पुन्हा उचललं आणि हात यादीवर तसाच धरून ठेवला. ती तो हात बघत होती. यासाठी तिने बावीस वर्षं तळघरात काढली होती.

हाउप्ट पुढे झुकला. त्याच्या तोंडाला कॉफीचा वास येत होता. "बाई," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते लिहून देतो. आत्ता, इथे. तुमचा चेंडू अस्सल आहे, मी चुकलो होतो. पण कारण विचारू नका, मोठ्याने बोलू नका. हार्लन तिथे बसलाय. त्याची बायको बसलीय."

तो स्वतःला वाचवत होता हे तिला दिसलं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं हेही दिसलं. टेरेसाने तेच सांगितलं होतं, बापाने तर मरून सांगितलं होतं. कागद घेऊन ती घरी जाऊ शकत होती. चेंडूची अब्रू परत मिळाली असती. पण माणसं हसली होती. तिला कागद नको होता, तिला ते हसू परत घशात घालायचं होतं, आणि कागदाने ते होणार नव्हतं. ती उठली. पुढे कितीही वेळा तिने स्वतःला सांगितलं की तोंडातून निघून गेलं, तरी ते खोटं असणार होतं. ती नीट श्वास घेऊन बोलली, बेकरीच्या गर्दीत नंबर पुकारायची त्या आवाजात.

"लोकहो, घरी जाऊन आपापले चेंडू बघा! या माणसाने अस्सल म्हटलेली हार्लन टॅकेटची एकूण एक सही माझ्या बापाने केलेली आहे. स्टॅश वोइतालाने. बसवर आहे तीसुद्धा. हार्लनला लिहिता येत नव्हतं. खरी सही जगात एकच आहे, आणि तिच्यावर हा माणूस सगळ्यांदेखत हसला होता. पारखी म्हणे! चाळीस वर्षं हा वाण्याच्या यादीला मुजरे करतोय!"

काटेचमच्यांचा आवाज थांबला. रांगेतला एकजण मोज्यातून चेंडू काढून बघायला लागला, मग दुसरा. "गॉर्डन, काय बोलतेय ही?" कुणीतरी विचारलं. हाउप्टने दिवा याद्यांजवळ ओढला. तो याद्यांकडेच बघत होता, आणि त्याची मान खाली जात जात छातीला लागली. "माझ्या कपाटात तुमची सात प्रमाणपत्रं आहेत, गॉर्डन," आणखी एकजण म्हणाला. "बोला की!" बर्नाडीनच्या अंगातून गोड, ऊबदार असं काहीतरी पायांपर्यंत उतरलं. याहून मोठं सुख तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं, ना लग्नात, ना आणखी कशात, आणि ते तिने पुरतं भोगलं. आणि मग, आता सगळं आपलंच आहे अशा थाटात, तिने पुढच्या टेबलाकडे पाहिलं.

हार्लन ताठ बसला होता. कान लाल झाले होते, तेवीस वर्षांचा असताना व्हायचे तसेच. तो कुणाकडेच बघत नव्हता. लोरेनच्या हातात सुरी होती. तिने ती ताटाच्या कडेला ठेवली, रुमालाने एकेक बोट पुसलं, आणि नवऱ्याकडे वळली. सभागृह इतकं गप्प होतं की तिला आवाज चढवावाच लागला नाही.

"हार्लन, मग फ्लोरिडाहून यायची ती पत्रं?"

वसंतातल्या सरावासाठी संघ दर फेब्रुवारीत फ्लोरिडाला जायचा. ट्रंका घेऊन बर्नाडीनचा बापही जायचा.

"शब्द माझे होते, लोरी," हार्लन म्हणाला. "मी बोलायचो, तो लिहायचा."

"सगळे?"

हार्लनने पट्टा बांधलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि ते बघत राहिला.

"मी ज्या पत्राला हो म्हटलं त्यातले?" लोरेनने विचारलं. "माझ्या केसांबद्दल लिहिलं होतंस ते. ते तू बोलला होतास, की त्याने लिहिलं?"

हार्लनने कापलेल्या सॉसेजचं ताट बाजूला सरकवलं. लोरेन थांबली, मग तिने मान वळवून सभागृहाच्या टोकाला उभ्या असलेल्या बर्नाडीनकडे पाहिलं, आणि उत्तर तिथून यायचंय अशी वाट बघत बसून राहिली.